उणकलचा तलाव आणि काळीकाठचं रान

हुबळीहून धारवाडला जाताना विद्यानगर मागे पडलं की उणकलचा तलाव लागतो. मधोमध विवेकानंदांचा पुतळा, काठाला बाग, सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारी माणसं आणि पाण्यावर कधी कमी, कधी जास्त पसरलेली जलपर्णी. गावात चंद्रमौळेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आहे, त्याच्याभोवती आता घरांची दाटी झाली आहे. इथून पश्चिमेला सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर दांडेली आणि काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. वायव्येला खानापूर तालुक्यात भीमगडचं अभयारण्य. पूर्वेला गदगजवळ कप्पतगुड्डाचे कोरडे डोंगर. घाटातलं ओलं रान आणि पठारावरचं काटेरी रान अशी दोन्ही एवढ्या जवळ असणारी शहरं फार नाहीत.

मुलांना लहानपणी उघड्यावर, झाडापाण्यात शिकू दिलं तर मोठेपणी ती रान राखतील, असं आपण धरून चालतो. शाळांच्या सहली, वनखात्याची शिबिरं, हरित सेना, वृक्षारोपणाचे दिवस हे सगळं याच भरवशावर चाललं आहे. हा भरवसा कितपत खरा, आपल्या भागात आजवर काय झालं आणि घोडं कुठे अडलं, हे एकदा नीट पाहायला हवं. पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. दांडेलीचं रान वाचवायचं शिक्षण उणकलच्या काठावर सुरू झालं पाहिजे, आणि ते वर्षातून एकदा न होता महिन्याच्या महिन्याला झालं पाहिजे.

आधी पुराव्याकडे पाहू. अमेरिकेत नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी शहरांत राहणाऱ्या सुमारे २००० प्रौढांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. वयाच्या अकरा वर्षांच्या आत जी मुलं रानात हिंडली, खेळली, तंबूत राहिली, मासेमारीला गेली, त्यांची पर्यावरणाबद्दलची आस्था मोठेपणी अधिक होती आणि वागणुकीतही ती दिसत होती. फुलं तोडणं, रोपं लावणं, कुंड्यांची निगा राखणं यांचाही आस्थेशी संबंध दिसला, पण वागणुकीशी असलेला संबंध क्षीण होता. त्याआधी लुईस चावला यांनी केंटकी आणि नॉर्वेमधल्या पर्यावरण कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तुम्ही या वाटेला कसे लागलात, या प्रश्नाला दोन उत्तरं पुन्हा पुन्हा आली. एक, लहानपणी मनसोक्त हिंडायला मिळालेली जागा. दुसरं, ती जागा आपल्याबरोबर पाहणारं घरातलं किंवा शाळेतलं एखादं मोठं माणूस.

या अभ्यासांना मर्यादा आहेत. ते आठवणींवर उभे आहेत, आणि ज्याला मुळातच आवड असते त्याला रानातले दिवस जास्त आठवतात. रानात गेल्यामुळेच माणूस बदलला, असं त्यातून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण उलट बाजूचा पुरावाही आहे. ब्रिटनमध्ये अँड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांना चित्रं दाखवली, काही तिथल्या प्राणी-वनस्पतींची, काही पोकेमॉनमधल्या पात्रांची. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनची पात्रं आजूबाजूच्या सजीवांपेक्षा कितीतरी अधिक ओळखता येत होती. मुलांची ओळख ठेवायची ताकद अफाट असते, हे यातून दिसतं. ती कोणत्या गोष्टीला लागते, हे तिच्यासमोर रोज काय येतं यावर ठरतं.

आपल्याकडे मोठ्या माणसाच्या सोबतीचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण सलीम अलींचं. मुंबईतल्या या मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड यांच्याकडे धाडलं. १९०८ च्या सुमाराची गोष्ट. मिलर्डनी त्या पोराला हाकलून दिलं नाही, पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून संग्रह दाखवला, वाचायला पुस्तकं दिली. ही भेट झाली नसती तरी सलीम अली घडले असते का, ते कोण सांगणार. पण मुलाच्या प्रश्नासाठी कपाट उघडणारं माणूस आज किती शाळांना मिळतं, हा आपल्यापुरता खरा प्रश्न आहे.

मराठीत उघड्यावरच्या शाळेचा विचार करायचा तर कोसबाडला जावंच लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं आणि बकऱ्या घेऊन माळावर असत. या बायांनी मुलांना नावं ठेवली नाहीत, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणून ती ओळखली जाते. गुरं चरताहेत, मुलांचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे आहे आणि तिथेच पानं, बिया, खडे यांवरून मोजणी आणि भाषा चालू आहे. रान राखणं हा त्यांचा उद्देश नव्हता, शिक्षण पोचवणं हा होता. तरी बाहेरच्या शिक्षणाबद्दल आज जगभर जे नव्यानं सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं या टेकडीवर आधीच होऊन गेलं आहे. मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं. डेन्मार्क-जर्मनीतल्या वनबालवाड्यांचं कौतुक करण्याआधी आपल्या शिक्षकांना कुरणशाळा शिकवली पाहिजे.

पुढे सरकारी पातळीवर जे घडलं ते कागदावर भक्कम आहे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं, २००३ मध्ये त्याचा पाठपुरावा केला. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या नावानं शाळाशाळांत मंडळं निघाली. महाराष्ट्रात नववी-दहावीला पर्यावरण आलं, मग जलसुरक्षा आला. विषय झाला, पुस्तक झालं, गुण झाले आणि पावसाळ्यात ओढ्याकाठी उभं न राहता पाणलोटाची व्याख्या पाठ करणं सुरू झालं. जे शिकवायला बाहेर पडायला हवं होतं, ते वर्गात कोंबलं गेलं. यात शिक्षकांचा दोष मी कमी मानतो. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, भाराभर नोंदी, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामं आणि बाहेर काही झालं तर मान शिक्षकाचीच.

कर्नाटकात वनखात्याचा 'चिण्णर वनदर्शन' हा उपक्रम आहे. शाळकरी मुलांना दोन-तीन दिवस जंगलातल्या शिबिरात न्यायचं, पायी फिरवायचं, रक्षकांशी बोलू द्यायचं. योजना मनापासून चांगली आहे. एरवी दांडेलीला जाणारी मुलं म्हणजे रिसॉर्टचं भाडं परवडणाऱ्यांची, आणि तिथं गेल्यावर तारेवरून घसरणं, नदीत रबरी होडीतून उसळणं हीच मजा. त्या मजेला माझा विरोध नाही. पण तिला निसर्गशिक्षण म्हणू नये. सरकारी शाळेतल्या मुलीला रात्रीच्या जंगलाचा आवाज ऐकवणारी योजना त्यामानानं कितीतरी मोलाची आहे. तिची उणीव एकच. तीन दिवस संपतात, मूल घरी येतं, आणि पुढे काय, याचं उत्तर कुणाकडे नसतं. वनखातं जंगलात, शाळा गावात, दोघांमध्ये पूल नाही.

वृक्षारोपणाबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण पर्यावरण दिनाला बहुतेक शाळांचा सगळा जोर त्यावर असतो. कोणतं झाड, कुठे आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय लावलेलं रोप मुलाला काही शिकवत नाही. हा प्रश्न विचारण्याची परंपरा याच मुलुखात आहे. ८ सप्टेंबर १९८३ ला शिरसी तालुक्यात सळकणीच्या गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली, ते अप्पिको आंदोलन. तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूरला १४ नोव्हेंबर १९८७ रोजी लोकांनी गायरानावर कागदलगद्यासाठी लावलेली निलगिरीची रोपं उपटली आणि त्यांच्या जागी उपयोगाची देशी रोपं लावली. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायानं उभारलेला तो सत्याग्रह, 'कित्तिको-हच्चिको', उपटा आणि लावा. तो दिवस बालदिनाचा होता. हुबळी-धारवाडच्या किती शाळांत बालदिनाला कुसनूरचं नाव निघतं? जिल्ह्याच्या इतिहासातला हा धडा मुलांना मिळाला, तर हातातलं रोप लावण्याआधी ती निदान त्याचं नाव विचारतील.

आता उणकलकडे येऊ. कर्नाटकातल्या शाळांत महिन्यातला एक शनिवार दप्तराविना असतो, 'संभ्रम शनिवार', म्हणजे आनंदाचा शनिवार. समजा जवळच्या एखाद्या शाळेतली सहावी त्या शनिवारी सकाळी तलावाच्या बांधावर आली. पहिला अर्धा तास काहीच शिकवायचं नाही, फक्त बसायचं. मग कुणाला तरी जलपर्णीवर चालणारा पक्षी दिसतो. तो बुडत का नाही? दुर्बीण फिरते आणि त्याची लांबच लांब बोटं दिसतात, वजन चार-पाच पानांवर वाटून घेणारी. हा कमळपक्षी. याच्यात अंडी उबवायचं आणि पिलं सांभाळायचं काम नर करतो, हे ऐकल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पुस्तकातून उमटत नाही. पलीकडे चोचीच्या मुळाशी लाल आणि टोकाला पिवळं ल्यालेलं हळदीकुंकू बदक, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, तारेवर बसलेला खंड्या. मराठी घरातलं मूल त्याला खंड्या म्हणतं, शेजारचं कन्नड मूल मिंचुळ्ळी. वहीत दोन्ही नावं यावीत.

मग काठावरची एक जलपर्णी काठीनं ओढून घ्यायची. देठ फुगीर, दाबला की फसफसतो, आत हवा भरलेली. खाली काळपट जांभळी, झिपऱ्यांसारखी मुळं, त्यांत गोगलगाई आणि चतुराच्या अळ्या. हातमोजे घालून पाहायचं, कारण या पाण्यात शहराचं सांडपाणी येतं. इथेच खरा धडा सुरू होतो. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेची, सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर माजणारी. म्हणजे ती काढून टाकली तरी परत येणार, जोवर नाले तलावात येत आहेत तोवर. नाला कुठून येतो? पुढच्या महिन्याच्या शनिवारी मुलं तलाव सोडून नाल्याच्या काठानं वर चालत जातात. आपल्याच कॉलनीचा पाइप त्यांना सापडतो. तलावातून निघून हुबळीत शिरणाऱ्या उणकल नाल्याचा काठ सुधारून पायवाट आणि सायकलवाट करण्याचा प्रकल्प स्मार्ट सिटीनं हाती घेतला होता. ती वाट मुलांनी वापरली तर तिच्या खर्चाचं चीज होईल.

एकच जागा वर्षभर पाहण्याचं मोल इथे कळतं. जूनमध्ये पाणी गढूळ, ऑक्टोबरमध्ये काठोकाठ, डिसेंबरमध्ये पाहुणे पक्षी, एप्रिलमध्ये उघडा पडलेला चिखल आणि त्यात टिपत फिरणारे बगळे. बदल दिसला की जीव जडतो. केरळात सीझनवॉच या उपक्रमात हजारो शाळकरी मुलं आपापलं एक झाड धरून त्याची पालवी, फुलं, फळं दर आठवड्याला नोंदवतात. त्या नोंदी अभ्यासकांच्या उपयोगी पडतात आणि मुलांनाही ते ठाऊक असतं. धारवाडला कवी बेंद्र्यांच्या घराजवळची साधनकेरी आहे, केळगेरीचा तलाव आहे. हुबळीला नृपतुंग बेट्ट आहे. प्रत्येक शाळेला चालत जाता येईल अशी एक जागा या जोडशहरात मिळतेच.

पण मग रानाचं काय? तलाव पाहून दांडेली कशी वाचणार? याचं उत्तर शहराच्या गरजांमध्ये आहे. हुबळी–अंकोला रेल्वेमार्गाची चर्चा वीस वर्षांहून अधिक चालू आहे. सुमारे १६५ किलोमीटरचा हा मार्ग उत्तर कन्नडच्या दाट जंगलातून जातो. मागणी व्यापाराची आणि बंदराची, म्हणजे मुख्यतः शहरांची. पाण्याचंही तसंच. जोडशहराची तहान मोठ्या प्रमाणात मलप्रभेवर भागते. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, घाटमाथ्यावरच्या मराठी गावात. तिच्यात म्हादईच्या कळसा-भंडुरा नाल्यांचं पाणी वळवावं म्हणून इथे मोठी आंदोलनं झाली, गोव्यात विरोधाची झाली. २०१८ मध्ये लवादानं या वळवणुकीसाठी ३.९ टीएमसी पाणी मान्य केलं आणि वाद पुढे न्यायालयात गेला. कोण बरोबर, हा निवाडा इथे करायचा नाही. सांगायचं एवढंच की रानाचं भवितव्य रानाबाहेर ठरतं, आणि ठरवणारी माणसं आज सहावीत आहेत. उणकलच्या मुलाला आपल्या घरचा पाइप तलावात सापडला असेल, तर आपल्या नळाचा उगम कणकुंबीच्या रानात आहे हे त्याला एका वाक्यात कळेल. ज्यानं एकही नाला पायानं चालून पाहिलेला नाही, त्याला ती नदी नकाशातली निळी रेघोटी वाटेल.

म्हणून शिबिराचं तीन दिवसांचं दांडेली-दर्शन आठवीत यावं, दोन वर्षं तलाव पाहून झाल्यावर. तोवर मुलांकडे विचारायला प्रश्न असतात.

या चर्चेत एक मूल नेहमी गळतं. रानातलंच मूल. यल्लापूर-हल्याळच्या गवळी वस्त्या आहेत, घरात मराठी बोलणाऱ्या, म्हशी राखणाऱ्या. जोयड्याचे कुणबी आहेत, ज्यांच्या कंदांचा मेळा जोयड्याला भरतो. सिद्दी आहेत. भीमगडच्या हद्दीत गवाळी, कृष्णापूर, आमगाव अशी मराठी गावं आहेत, जिथे पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावं लागल्याच्या बातम्या येतात. या मुलांना कोणता कंद कधी खणायचा, अस्वल कोणत्या वाटेनं येतं, हे दहाव्या वर्षी ठाऊक असतं. शाळेत या ज्ञानाला एक गुण नाही. शहरातल्या मुलांना रानाची गोडी लावायला आपण पैसा खर्चतो आणि ज्यांना ती गोडी जन्मानं मिळाली त्यांना परीक्षेत मागास ठरवतो. वरून अभयारण्य झालं की स्थलांतराची चर्चा त्यांच्याच दारात. काळी व्याघ्र प्रकल्प आणि भीमगड राखायचे असतील तर पहिले राखणदार हे आहेत. शहरी शाळा शिबिराला जाते तेव्हा तिला वाट दाखवणारे शिक्षक म्हणून या वस्त्यांतल्या मोठ्या माणसांना मानधन देऊन बोलवावं. दोन्हीकडच्या मुलांनी बरोबर चालावं. निसर्ग समजावून सांगणारा बाहेरून आणायची गरज पडणार नाही.

माघात उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला धारवाड-बेळगाव भागातल्या बैलगाड्या याच जंगलातून जातात. घरची मुलं गाडीत असतात. पठारावरच्या माणसाचं घाटातल्या रानाशी असलेलं हे जुनं नातं शाळेनं कधी वापरून पाहिलेलं नाही. जत्रेहून आलेल्या मुलाला वर्गात उभं करून वाटेत काय काय दिसलं, हे विचारलं तरी चालेल.

भीतीचा मुद्दा टाळता येणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले आणि महाराष्ट्रात सहलींवर निर्बंधांची रांग लागली. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली बुडाल्या. अशा बातम्यांनंतर मुख्याध्यापकांनी सही न करणं मी समजू शकतो. पण हे अपघात अनोळखी जागी, समुद्रात, मोठ्या गर्दीत झाले. ओळखीची जागा, वीस मुलांमागे दोन मोठी माणसं, पाण्यात न उतरण्याचा ठाम नियम आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर, एवढ्या तयारीत बांधावरचा शनिवार बराच सुरक्षित होतो. सहलीबद्दलचे आदेश लिहिताना सरकारनं दूरची सहल आणि शाळेजवळची पायी फेरी यांत फरक केला पाहिजे. दोन्हींना एकच परवानगी लागली की पहिला बळी पायी फेरीचा जातो.

मदत कुठे द्यावी, असं कुणी विचारलं तर माझं बोट शिक्षकाकडे जाईल. इमारत नको, माहितीकेंद्र नको, रंगीत फलक तर नकोतच. शाळेमागे चार-पाच दुर्बिणी, पक्ष्यांची सचित्र पत्रकं मराठी आणि कन्नडमध्ये, शनिवारच्या फेरीला कामाचा दिवस म्हणून मान्यता, आणि सोबतीला जाणारं एक जाणकार माणूस. जाणकारांची इथे वाण नाही. धारवाडला कृषी विद्यापीठ आहे, कर्नाटक विद्यापीठ आहे, उणकलच्या शेजारीच अभियांत्रिकीचं मोठं विद्यापीठ आहे. धारवाडच्या डॉ. संजीव कुलकर्णींनी 'बाल बळग' ही वेगळ्या वाटेची शाळा चालवली आणि शहराबाहेर पडीक जमिनीवर रानही वाढवलं. एका माणसानं हे जमवलं, तर तीन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना महिन्याचा एक शनिवार जड नाही.

आणि मुलांच्या वह्यांचं पुढे काय करायचं, तेही ठरलेलं असावं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता समिती नेमायची आणि लोकांच्या मदतीनं नोंदवही तयार करायची असते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या गटानं, मुलांनी परिसराबद्दल गोळा केलेली माहिती सर्वांना पाहता येईल अशी उघड ठेवावी, असं सुचवलं होतं. उणकलसाठी ही जुळणी अवघड नाही. वहीत पाच रकाने पुरतील: तारीख, पाणी बांधाच्या कोणत्या दगडापर्यंत आहे, जलपर्णीनं किती भाग व्यापला आहे, कोणते पक्षी किती दिसले, आणि त्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी पाण्याचा रंग आणि वास कसा होता. एक प्रत शाळेत, दुसरी महापालिकेच्या समितीकडे, आणि वर्षातून एकदा ती समितीच्या बैठकीत मुलांनी स्वतः वाचून दाखवायची, आयुक्त आणि नगरसेवकांसमोर. शेवटच्या रकान्यावर त्यांना उत्तर द्यावं लागेल.